मागे टर्बो बसवणारा

आमच्या गल्लीत जुन्या गाड्यांना टर्बो बसवून देणारे दोघे होते. रस्त्याच्या पलीकडचा टर्बो बसवायचा इंजिनाला चिकटून, जिथे सगळं जग बसवतं तिथे. माझा भाऊ बसवायचा पार शेपटाला, मागच्या चाकांच्याही मागे, सायलेन्सर काढून त्याच्या जागी. त्यावरून पलीकडच्याचं नाव पडलं पुढचा आणि माझ्या भावाचं मागचा. नवं गिऱ्हाईक कोपऱ्यावर विचारायचं, "मागचा कुठे बसतो?" आणि पंक्चरवाला मान वर न करता सांगायचा, "पुढच्याच्या समोर." या एका विनोदावर आमची गल्ली वर्षानुवर्षं हसत आली. आता कुणी हसत नाही.

मी मागच्याची धाकटी बहीण. गाड्यांची सीट कव्हरं शिवते. नवऱ्याशी पटेना तेव्हा मी शिलाई मशीन घेऊन परत आले, आणि दादानं एका शब्दानं काही न विचारता शेडचा अर्धा भाग पडदा लावून मला मोकळा करून दिला. पडदा कसला, ट्रकवरची जुनी ताडपत्री. अलीकडे माझं रेक्झिन, फोम आणि कात्र्या, पलीकडे त्याचे पाइप. हा उपकार मी विसरले नाही आणि त्यानं तो कधी बोलून दाखवला नाही. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हेही ध्यानात असू द्यावं.

दादा मूळचा सायलेन्सरवाला. गंजलेला पाइप कापायचा, नवा वाकवायचा, जोडायचा. पाइप वाकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कौतुकाचा भुकेला. सायलेन्सर बदलल्यावर गाडीवाला म्हणणार काय, तर "आवाज कमी झाला". एवढ्यावर त्याचं समाधान होईना. गाडी आपल्या हातून जाताना तिला आधीपेक्षा जास्त दम असावा, हे त्याच्या डोक्यात बसलं, आणि त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती काढायला पाना सापडत नसे.

टर्बो म्हणजे काय हे त्यानं मला ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत सांगते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराला जोर असतो. तो फुकट जाऊ द्यायचा नाही. त्याच्यावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवायचा, आणि त्या दुसऱ्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त दम. धूर इंजिनाजवळ सगळ्यात जोरात असतो, म्हणून लोक टर्बो तिथे बसवतात.

"लोक बसवतात म्हणून मी बसवू?" हे दादाचं ठरलेलं वाक्य. मग ताडपत्री बाजूला सारून तो मला भाषण देई, कारण ऐकायला दुसरं कुणी नसे. "इंजिनाच्या खोलीत आधीच बोट घालायला जागा नाही, त्यात हे लालबुंद धूड बसवायचं. आजूबाजूच्या वायरी शिजतात, रबरी नळ्या तडकतात. मागे बघ, मोकळं रान. खालून वारा लागतो. धूर मागे पोचेपर्यंत थोडा निवतो, टर्बोला ताप कमी. तिथून पुढे हवा नेणारा पाइप गाडीभर लांब, त्यात हवाही थंड होते. आणि सायलेन्सरची गरज नाही, टर्बोच आवाज खातो."

यातलं खोटं काही नव्हतं. फक्त अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायला पुढचा होता. तो दादापेक्षा वयानं बराच लहान, पण जिभेला हाड नाही. हात पुसत रस्ता ओलांडून यायचा आणि गाडीखाली डोकावून म्हणायचा, "भाऊ, गाडीभर पाइप म्हणजे हवा पोचायला उशीर. तुमच्या गाडीवर पाय दाबला की ती आधी विचार करते, मग निघते. जितके सांधे तितक्या गळत्या. शिवाय चिखलात बसवलाय टर्बो. एखादा दगड उडाला की ऑइलची नळी फुटली म्हणून समजा."

"दगड काय तुझ्या दुकानातून उडणार आहेत का?" दादा म्हणायचा, आणि दोघंही खूश होऊन आपापल्या कामाला लागायचे.

पण एका मुद्द्यावर पुढचा चेष्टा करत नसे, आणि तो मुद्दा ऑइलचा. टर्बोचा दांडा इतका वेगात फिरतो की त्याला सतत ऑइल लागतं. ते इंजिनातून दाबानं येतं. टर्बो पुढे, इंजिनाच्या बाजूला असला तर काम झालं की ते आपल्या वजनानं खाली इंजिनात उतरतं, कुणी ढकलावं लागत नाही. मागचा टर्बो इंजिनाहून खाली आणि लांब. तिथलं ऑइल परत आणायला विजेवर चालणारा एक छोटा पंप लावावा लागतो. तो चालू आहे तोवर सगळं ठीक. तो बंद पडला की ऑइल येत राहतं, जात नाही. टर्बो भरतो, ऑइल कडेनं झिरपायला लागतं, आणि झिरपतं ते तापलेल्या लोखंडावर.

"एक दिवा लावा समोर, ड्रायव्हरच्या डोळ्यापुढे," पुढचा सांगायचा. "पंप बंद पडला की पेटेल. माझ्याकडे वायर पडलीय, मी लावून देतो."

"दिव्याचा बल्ब गेला तर?" दादा विचारायचा. "माझा पंप बोलतो. ज्याला कान आहेत त्याला दिवा कशाला?"

हे त्याच्या तोंडून आलं तेव्हा त्याला कान होते. पंपाचा आवाज बारीक, कानाशी डास घोंघावावा तसा. इंजिन सुरू झालं की पंप सुरू होई, आणि इंजिनाच्या धडधडीतून तो बारीक आवाज वेगळा काढणं हीच दादाची करामत. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडावर, डोळे मिटायचे. क्षणभर तसाच बसायचा आणि मग बोनेटवर थाप मारून म्हणायचा, "जा, बिनधास्त जा." ती थाप मिळाल्याशिवाय आमच्याकडून एकही गाडी बाहेर गेली नाही.

आयुष्यभर पाइप ठोकले, ग्राइंडर चालवला, कानात कापूस म्हणून कधी घातला नाही. कान गेले त्यात नवल ते काय. पण ते एकदम गेले असते तर बरं झालं असतं. गेले हळूहळू, आणि आधी गेले ते बारीक आवाज. दारावरची बेल गेली. कुकरची शिट्टी गेली. मग माणसांचं बोलणं, त्यातही मागून बोललेलं. दादानं त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की तो "हो" म्हणायचा. दहातल्या नऊ वेळा लोकांना "हो"च हवं असतं, त्यामुळे हे खपून गेलं. "काय?" असं त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कबूल करणं आलं.

वहिनी मात्र ओळखून होती. माझी वहिनी मुळात हळू बोलणारी बाई, लग्नात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. नवऱ्याचे कान गेले तसा तिचा आवाज चढत गेला, आणि शेजारी म्हणू लागले की ही बाई उतारवयात कजाग झाली. तिनं एकदा त्याला बाबापुता करून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. पठ्ठ्यानं काचेतून तपासणाऱ्या मुलीचा खांदा बघितला. तिचा हात हलला की हा बटण दाबायचा. पण तीही काही कालची नव्हती. तिनं पाठ फिरवली आणि हात न हलवता आवाज सोडले. हा बसला शांत.

यंत्र मिळालं. ते त्यानं घरी आणलं आणि कपाटात टाकलं. "कानात मशीन घालून इंजिन तपासायला बसलो तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" त्याचं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं. आमच्या धंद्यात कान हीच पाटी. मी त्याच्याशी भांडले, वहिनी रडली, त्यानं दोन दिवस तोंड फुगवलं आणि विषय तिथेच विरला.

स्क्रूड्रायव्हरही मग हळूहळू बाजूला पडला. त्याऐवजी तो गाडीखाली हात घालून पंपावर पंजा ठेवू लागला. म्हणायचा, "हाताला कळतं." थरथर लागली की पंप चालू. आता गाडीचं इंजिन चालू असताना तिच्या कुठल्या भागाला थरथर नसते, हे मला कळतं, शिवणकाम करणाऱ्या बाईला. त्याला कळत नव्हतं असं नाही. पण माणसाला जे हवं असतं तेच हाताला लागतं.

आता धाकट्याबद्दल सांगते. धाकटा म्हणजे वहिनीचा धाकटा भाऊ. वहिनी त्याला धाकटा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. लग्न केलं नाही. एका बेकरीची गाडी चालवायचा, ब्रेड आणि बिस्किटांचे प्लॅस्टिकचे क्रेट भरून डोंगरावरच्या गावांना माल पोचवायचा. त्याची गाडी म्हणजे ती ठेंगणी व्हॅन, जिच्यात इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. मी त्याच्या सीटला जाड फेल्टचे थर घालून कव्हर शिवून दिलं होतं, तरी तो म्हणायचा, "ताई, बेकरीत काय भाजतात, त्याहून मी जास्त भाजतो."

चढावर ती गाडी रडकुंडीला यायची. टर्बो बसवायचं ठरलं तेव्हा दादानं मुद्दाम पुढच्याला बोलावलं. पुढच्यानं सीट उचलली, आत बघितलं, मान हलवली. "इथे टर्बो बसवला तर माणूस शिजून निघेल. भाऊ, या गाडीला मागेच बरा." दादाची छाती फुगली. त्या महिन्यात हे वाक्य त्यानं गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकवलं, पंक्चरवाल्याला तर दोनदा. आणि काम खरोखर झकास झालं. धाकटा डोंगर चढून परत आला तो हसतच. "भाऊजी, उठायला जरा वेळ घेते, पण एकदा उठली की ऐकत नाही. अगदी ताईसारखी." मी त्याला कात्री दाखवली. तेव्हापासून तो दर फेरीला फुटक्या बिस्किटांची पिशवी माझ्या मशीनवर ठेवून जायचा.

बरीच वर्षं गाडी चालली. मग एक दिवस धाकटा सकाळी माल भरूनच आला. पंप अडखळतोय म्हणाला, मध्येच वाजतो, मध्येच गप्प. सांगताना त्यानं वाकून पंपाकडे बोट दाखवलं, त्यामुळे दादाला कळलं. दादानं जुना पंप काढला, नवा लावला. पंपाच्या दोन वायरी असतात, एक बॅटरीकडून येते आणि दुसरी, अर्थची, गाडीच्या लोखंडाला बोल्टनं कसतात. बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं, नाहीतर वीज पुढे जात नाही. धाकट्यानं पावसाळ्यासाठी गाडीच्या पोटाला गंज न चढणारा जाड काळा रंग नुकताच दिला होता. दादानं रंग खरवडला, पण तो जेवढा दिसत होता त्याहून जाड होता. असं कुणाकडूनही होतं. पूर्वी त्याच्याकडूनही होत असे. तेव्हा कान सांगायचे आणि तो बोल्ट पुन्हा उघडायचा.

इंजिन सुरू झालं. दादानं खाली हात घालून पंजा टेकवला, उठला, हात पुसला. धाकटा मागे उभा राहून क्रेट सारखे करत होता. तो थोडा थांबला, वाकून खाली बघितलं. मग पुढे जाऊन बसला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून दादाला काहीतरी म्हणाला. माझं मशीन चालू होतं, मला शब्द ऐकू आले नाहीत. दादा "हो, हो" म्हणाला आणि गाडीच्या पाठीवर थाप मारली. धाकटा गेला.

दुपार व्हायच्या आत फोन आला.

निम्मा चढ चढल्यावर गाडीमागे पांढरा धूर सुटला होता. एका ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन त्याला थांबवलं. धाकटा उतरून मागे आला. ज्वाळा अजून गाडीखालीच होत्या. त्यानं बाजूला व्हायला हवं होतं. पण आत बेकरीचा माल, आणि तो कामाला पक्का. त्यानं क्रेट काढायला मागचं दार उघडलं. आतला तळाचा पत्रा आधीच तापून लाल झाला होता, प्लॅस्टिक वितळून धुमसत होतं, आणि दार उघडल्याबरोबर वाऱ्यानं ते सगळं त्याच्या अंगावर आलं. ट्रकवाल्यानं त्याला ताडपत्रीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. तो देवमाणूस कोण होता ते आम्हाला कधी कळलं नाही.

दवाखान्यात एका वेळी दोघांनाच आत सोडत. पहिले काही दिवस वहिनीच आत असायची. एका दुपारी तिला औषधांसाठी खाली जावं लागलं, म्हणून दादा आणि मी आत गेलो. धाकट्याचं तोंड तेवढं पट्ट्यांतून मोकळं होतं, तेही पूर्ण नाही. डोळे उघडे होते. दादा उशाशी उभा राहिला. धाकट्यानं त्याला ओळखलं आणि बोलू लागला.

आवाज म्हणजे नुसता श्वास. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला वाकले होते, मला नीट ऐकू आलं. तो म्हणाला, "भाऊजी, मी निघताना विचारलं होतं. पंपाचा आवाज येत नाहीये, जाऊ ना म्हणून. तुम्ही हो म्हणालात." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. त्याला नुसतं कोडं पडलं होतं. ज्या माणसाच्या शब्दावर तो इतकी वर्षं डोंगर चढला त्याच्याकडून असं कसं झालं, एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं.

ओठ हलायचे थांबले. दादानं मान हलवली. "हो रे हो," तो म्हणाला, आणि हसला, आजारी माणसाकडे बघून हसतात तसं. "बरा होशील तू. काळजी करू नकोस."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले. दादाला ऐकू जाईल असं त्या खोलीत मी ओरडून बोलणार तरी कशी? नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी धाकटा गेला.

सगळं आटोपून आम्ही घरी आलो आणि वहिनीनं पहिला प्रश्न तोच विचारला. मोठ्या आवाजात, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन. "तुम्ही आत होतात तेव्हा बोलला ना तो? काय म्हणाला?"

दादानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. तो खोटारडा नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याला वाटलं असावं की एवढं मान हलवून ऐकलंय तर त्यातलं काहीतरी आपल्याला कळलंच असणार. "म्हणाला, भाऊजी, गाडी छान ओढत होती," तो म्हणाला.

वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि रडली. मग शांत झाली. त्या दिवसापासून ते वाक्य तिनं जपून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, शेवटी कुणाबद्दल तक्रार नव्हती त्याच्या तोंडात, गाडी छान ओढत होती म्हणाला. मी तिच्या शेजारी बसून ते ऐकायची आणि मूग गिळून गप्प राहायची. तिच्याजवळ भावाचं तेवढंच उरलं होतं, ते हिसकावून घ्यायचं कुठल्या तोंडानं?

दादानं आगीचं कारणही शोधून काढलं. दगड उडाला असणार, ऑइलची नळी फुटली असणार. पुढच्यानं इतकी वर्षं चेष्टेत सांगितलेली गोष्ट आता त्याच्या कामाला आली. पण पुढचा त्या जळक्या गाडीजवळ जाऊन आला होता. एके दिवशी दादा घरी जेवायला गेलेला बघून तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला, आणि पहिल्यांदाच जिभेला आवर घालून बोलला.

"ताई, नळी धड आहे. पंप जळण्याआधी फिरलाच नाही. बोल्ट उघडून बघितला, वॉशरखाली रंग तसाच आहे."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"मी कुठे बोलणार नाही," तो म्हणाला. "त्यांच्याकडून शिकलोय मी, पाइप वाकवायला. पण आता त्यांच्या हातून गाडी बाहेर जाऊ देऊ नका. गावात अजून किती गाड्यांना तो पंप आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. त्या गाड्या येतच होत्या. दादानं शेड पुन्हा उघडली होती, आणि मी एक नवाच उद्योग मागे लावून घेतला होता. गाडी निघायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून मागे जायचं आणि खाली कान लावायचा. दादाला वाटायचं मी सीटचे टाके बघतेय.

अशातच शाळेतल्या मास्तरांची गाडी आली, पंप बदलायला. दुसऱ्या दिवशी बायको आणि दोन मुलींना घेऊन ते डोंगरावर जाणार होते. वर्तमानपत्रात आगीबद्दल वाचलं होतं, त्यामुळे जरा बिचकत होते. दादानं पंप लावला, इंजिन सुरू केलं, खाली हात घातला. "झालं. बिनधास्त जा."

मी मागे जाऊन वाकले. पंप वाजत होता. या वेळी वाजत होता.

मास्तर तरी घुटमळत होते. "नक्की ना?" त्यांनी विचारलं, दादाची पाठ त्यांच्याकडे होती. उत्तर आलं नाही. तेवढ्यात वहिनी आमचा डबा घेऊन आत आली होती, तिनं ते ऐकलं. ती मास्तरांना म्हणाली, "निर्धास्त जा हो. माझा स्वतःचा भाऊ त्या गाडीत गेला, पण जाताना हेच सांगून गेला यांना, गाडी छान ओढत होती म्हणून. यांच्या कामात खोट नाही."

मास्तरांचा चेहरा निवळला. ते गाडीत बसले आणि गेले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वहिनीचा राग आला असं नाही. तिनं भावाचं शेवटचं वाक्य त्या माणसाच्या हातात दिलं होतं, बायकोमुलींना घेऊन डोंगर चढायला, आणि ते वाक्य धाकट्याचं नव्हतंच. मी मशीन बंद केलं. ताडपत्री बाजूला सारली. दादाच्या समोर जाऊन उभी राहिले आणि वहिनीकडे न बघता बोलले, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, त्याला ऐकू जाईल असं.

"दादा, धाकटा ते म्हणाला नव्हता. तो म्हणाला, निघताना विचारलं होतं, पंपाचा आवाज येत नाहीये, जाऊ ना?"

डबा ठेवल्याचा आवाज झाला. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला ऐकू आलं होतं, सगळं. हातातलं फडकं त्यानं उगाच दोनदा उलटंसुलटं केलं.

"मला विचारलं?" तो म्हणाला.

"तुलाच. खिडकीतून डोकं काढून."

त्याची नजर खाली, शेडच्या फरशीवर, जिथे त्या सकाळी गाडी उभी होती तिथे. आठवत असावा. धाकट्याचं खिडकीतून बाहेर आलेलं डोकं त्याला दिसत असणार. दिसण्यात काही कमी नव्हतं.

"मग मी काय म्हणालो?" त्यानं विचारलं.

उत्तर वहिनीनं दिलं. ती त्याच्या मागे उभी होती. आवाज चढवला नाही, तोंडासमोर तोंड नेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा बोलायची तितक्याच हळू बोलली.

"तुम्ही हो म्हणाला असाल," ती म्हणाली.

दादा तसाच उभा. त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. मग माझा चेहरा बघून त्याला समजलं की मागे कुणीतरी काहीतरी बोललंय. तो वळला. वहिनीचे ओठ मिटलेले होते. तो पुन्हा माझ्याकडे वळला, आणि मला वाटलं, आता मान हलवेल.

"काय?" तो म्हणाला. "काय म्हणाली ती? मला ऐकू आलं नाही."

मी त्याच्या कानाशी वाकले आणि सांगितलं.